वरच्या घरातला मॉन्स्टेरा

१ सप्टेंबर, सोमवार

ही वही बाईंनी दिली. बाई म्हणजे आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या भूगोलाच्या शिक्षिका. शाळेने त्यांना चार महिन्यांसाठी दुसऱ्या शहरातल्या शाखेत पाठवलंय. काल संध्याकाळी खाली आल्या आणि घराची किल्ली, ही वही आणि घडी घातलेला एक कागद माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "घरात एकच जीव आहे. पाणी कधी घातलं, पान कधी आलं, तेवढं लिहून ठेवा. मी अधूनमधून विचारीन."

जीव म्हणजे मॉन्स्टेरा. खिडकीपासून दोन हातांवर मोठ्या कुंडीत उभा आहे, माझ्या छातीइतका उंच. मधोमध शेवाळ गुंडाळलेली काठी, तिला धरून तो वर चढतो. पानं ताटाएवढी, कडेने चिरलेली, आत भोकं. मोजली, अकरा आहेत. कागदावर बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात सूचना: उजेड हवा, थेट ऊन नको. वरची दोन बोटं माती कोरडी झाली तरच पाणी. बशीत पाणी साचू देऊ नये. पानं ओल्या फडक्याने पुसावीत. आणि शेवटी, खाली रेघ ओढून: लाड नकोत.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "पानांना भोकं? आजारी आहे का?" मी म्हटलं, जातच तशी आहे. "मग ठीक," म्हणाले आणि पावाचा तुकडा चहात बुडवून कितीतरी वेळ तसाच धरून बसले. पाव चहात पडला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पाणी, दोन पेले. आधी बोट घालून पाहिलं. पानं पुसली. एकेक पान खालून तळहातावर घ्यायचं आणि वरून फडकं फिरवायचं. धूळ गेली की पान असं दिसतं की आत्ताच कोणी तेल लावलंय. पाऊण तास गेला.

बाईंच्या घरात शांतता फार. खाली बाबांचा रेडिओ, बाबांचं खाकरणं. इथे काही नाही. खिडकीतून समोरच्या छापखान्याचं पत्र्याचं छप्पर आणि त्यामागे भरपूर आभाळ दिसतं. आमच्या खिडकीतून फक्त छापखान्याची भिंत.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी बोलताना बाबांची खालची कवळी निसटली. ही मी स्वतः केलेली, तीन वर्षांपूर्वी. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर लोक साचे पाठवतात, आम्ही त्यावर मेण लावतो, दात मांडतो, घासूनपुसून परत पाठवतो. सव्वीस वर्षं झाली. माणसं कधी दिसत नाहीत, नुसती तोंडं दिसतात, तीही प्लास्टरची. माझी कवळी सैल झाल्याची तक्रार क्वचित येते, म्हणून जरा लागलं.

"तुम्ही ती धुताना आपटता," मी म्हटलं.

"आपटत असेन," बाबा म्हणाले.

लॅबमध्ये नेली आणि आतून नवा थर दिला. मापात तर बराच फरक निघाला. हिरड्या वयाने झिजतातच. पण एवढ्या?

१४ सप्टेंबर, रविवार

बाईंना झाडाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "वा, छान. धन्यवाद." नुसतं धन्यवाद लिहिता आलं असतं. वा लिहायची गरज नव्हती.

ताईचा नेहमीचा रविवारचा फोन. बाबा दोनच मिनिटं बोलले आणि फोन माझ्याकडे दिला. ताई म्हणाली, "आवाज खोल गेल्यासारखा वाटतो रे त्यांचा." मी सांगितलं, कवळीला नवा थर दिलाय, जिभेला सवय व्हायला वेळ लागतो. ताई तीनशे मैलांवर बसून सगळ्यांच्या तब्येती ओळखते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नवं पान येतंय. वरच्या देठाच्या बगलेतून फिकट हिरवी सुरळी बाहेर आलीय, पेन्सिलीएवढी. हात लावायचा मोह झाला, नाही लावला. पाणी, दोन पेले.

खाली आलो तर बाबा माझी लॅबची छोटी ड्रिल मागत होते. कशाला, तर पट्ट्याला भोक पाडायला. मीच पाडून दिलं. आधीची दोन भोकं त्यांनी खिळ्याने पाडलेली दिसली, वाकडीतिकडी. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्याला एक भोक सरळ पाडता येऊ नये. मी तसं म्हटलं. ते हसले. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो, हा त्यांचा एकमेव विनोद. तो त्यांनी आज केला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

पान उलगडलं. पोपटी रंग, ओलसर, नुकत्याच काढलेल्या साच्यासारखं मऊ. भोकं सात. बाईंना फोटो पाठवला, सोबत चार ओळीही लिहिल्या. त्यांनी अंगठा पाठवला.

हल्ली संध्याकाळचं जेवण मी वरच घेऊन जातो. बाबा जेवायला फार वेळ लावतात. एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर, मधेच थांबतात, छातीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसतात. समोर बसून ते बघत राहणं जिवावर येतं. ते स्वतःच म्हणाले, "तू जा वर, उजेड आहे तोवर. मी सावकाश खातो." आणि खातात. मी परत येतो तेव्हा ताट चाटूनपुसून स्वच्छ असतं.

वर बाईंच्या खुर्चीत बसतो. त्यांचे नकाशांचे मोठे ग्रंथ आहेत, ते चाळतो. मॉन्स्टेरा मूळचा कुठला ते शोधलं. घनदाट जंगलातला आहे, दुसऱ्या झाडाच्या आधाराने वर चढतो. तिथे तो कोणाच्या लक्षातही येत नसेल.

६ ऑक्टोबर, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं. मागच्या अंगणात कबुतरांनी उच्छाद मांडलाय, वरून कोणीतरी रोज अन्न टाकतंय, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना विचारा, त्यांची मुलं लहान आहेत.

पाणी, तीन पेले. पान मोठं झालंय, त्याला जास्त लागणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्यात खालचं एक पान पिवळं पडतंय. लॅबमधली रंगपट्टी घेऊन वर गेलो. दात कोणत्या छटेचे करायचे ते ठरवायला ती वापरतात. पान धरून एकेक छटा लावून पाहिली. तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या दातांची जी छटा, बरोबर ती. वहीत लिहून ठेवतो म्हणजे उद्या फरक कळेल.

दुसरं म्हणजे सकाळी पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब होते, एकेका टोकाला एकेक. मी वरून शिंपडलं नव्हतं. बघत राहावंसं वाटलं. पाणी, तीन पेले.

बाबांनाही आज उलटीसारखं झालं. दूध नासलं असेल. मी प्यायलो होतो, मला काही झालं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तीन पानं पिवळी. मातीवर बारीक चिलटं उडतात. रजा टाकून रोपवाटिकेत गेलो. तिथला माळी साठीचा, कानावर पेन खोचलेला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोट घालून बघता का?"

"बघतो."

"आधी बघता की पाणी घातल्यावर बघता?"

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. तो म्हणाला, "टोकाला थेंब येतात ते रडणं नव्हे, साहेब. पोटात मावत नाही म्हणून बाहेर टाकतंय ते. उपाशी झाड सांगतं, मान टाकतं. भरवलेलं झाड उशिरापर्यंत काही सांगत नाही. सांगतं तेव्हा मुळं गेलेली असतात." नवी माती, झाडाची साल आणि नारळाचा भुसा दिला. कुंडी उपसून सडलेली मुळं कापा म्हणाला.

बाईंना यातलं काही कळवलं नाही. जुना फोटो पाठवला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आठ दिवस पाणी बंद. तरी चौथं पान पिवळं. कुंडी उपसायचं धाडस होत नाही.

बाबा म्हणाले, "बारक्या, पुढच्या शनिवारी मोकळा आहेस का? जरा दवाखान्यात जाऊन येऊ. घशाशी येतं सारखं. जिना एकट्याने नको वाटतो." मी हो म्हटलं. त्यांना पित्ताचा त्रास पूर्वीपासून. आई होती तेव्हा ती जेवणानंतर लिंबूपाणी द्यायची.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज करून टाकलं. सकाळी आठलाच वर गेलो, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं, कुंडी आडवी केली. मुळांचा वास आला, बंद डब्यातल्या कुजक्या भाजीचा. जवळजवळ निम्मी मुळं काळी, चिमटीत धरली की साल निघून हातात यायची. लॅबमधली हत्यारं नेली होती, स्पिरिटने पुसून घेतली. एकेक मूळ बघून, जिथे पांढरं लागेल तिथपर्यंत कापत गेलो. सव्वीस वर्षांत इतक्या काळजीने कुठलं काम केलं असेल असं वाटत नाही. नव्या मातीत लावलं, काठीला बांधलं, पानं पुसली. पाठ मोडली, पण समाधान वाटलं.

दीड वाजता खाली आलो. बाबा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. कोट घातलेला, बूट घातलेले, मांडीवर दवाखान्याची फाईल. मला आठवलं.

"वर हाक मारायची ना," मी म्हटलं.

"दोनदा मारली. तुझं काम चाललेलं असणार. डॉक्टर बारालाच जातात, आता राहू दे."

"सोमवारी जाऊ."

"जाऊ की. घाई काय आहे?" असं म्हणून ते वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. फार वेळ लागत होता. मी हात धुवायला गेलो, झाडाच्या चिकाने खाज सुटली होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारी लॅबमध्ये काम आलं. मग बाबाच म्हणाले, आता बरं वाटतंय. बरं वाटत असणार, कारण आठवडाभर ते काही मागत नाहीत आणि तक्रारही नाही. बहुतेक वेळ पडून असतात. थंडी वाढलीय.

दुपारी मी वर असताना बेल वाजली. एक एजंट आणि त्याच्याबरोबर एक नवराबायको. बाईंनी पाठवलंय म्हणाले. त्यांनी खिडक्यांची मापं घेतली, नळ सोडून पाहिले. इमारतीची काहीतरी पाहणी असावी. त्यातल्या बायकोला झाड फार आवडलं. "हे इथेच राहणार का?" तिने विचारलं. मी म्हटलं, अर्थात. एजंट माझ्याकडे बघत राहिला.

रात्री बाईंचा निरोप आला: इथली शाळा आता सोडवत नाही. बघू. मी 'बघू' दोनदा वाचलं. बाई विचारी आहेत, एकदम काही ठरवायच्या नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

झाड वाचलं. पिवळी पडायची थांबलीत, आठ पानं ताठ आहेत. माती कोरडी, पाणी नाही.

बाबांनी विचारलं, "कसं आहे ते तुझं?" मी सांगितलं सगळं, मुळं कशी कापली, रंगपट्टी, माळी काय म्हणाला ते. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मी थांबलो तर म्हणाले, "सांग की. ऐकतोय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सहा वाजता बाबा न्हाणीघरात पडले. बेसिनमध्ये काळपट रक्त. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना, तेव्हा दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "एका हाताने नेता येतील." मी मागून त्यांच्या चपला घेऊन चालत होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरीण तरुण आहे, थकलेली. तिने विचारलं, "गिळायला त्रास कधीपासून?"

मी म्हटलं, "आठवडा झाला असेल."

"आठवडा?" तिने कागद उलटला. "वजन बेचाळीस किलो आहे. आधी किती होतं?"

मला माहीत नव्हतं. तिने पुढे विचारलं, तुम्ही त्यांच्याबरोबरच राहता ना. मी हो म्हटलं. तिने ते लिहून घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताई काल आली. आज तीच बसली आहे त्यांच्याजवळ, मला अंघोळीला घरी पाठवलं. डॉक्टरिणीने पुन्हा सांगितलंय, कधी काय सुरू झालं ते आठवून लिहून आणा, उपचार ठरवायला मदत होईल.

आठवेना म्हणून ही वही उघडली, निदान तारखांचा आधार मिळेल म्हणून. मग दुसरा कागद घेऊन एकेक उतरवत गेलो. एक सप्टेंबर, पाव चहात भिजवून. नऊ, कवळी सैल. तेवीस, पट्ट्याला भोक, त्याआधीची दोन. तीस, घास पाण्याबरोबर. सहा ऑक्टोबरला कबुतरं. इथे थांबलो. मागच्या खिडकीपाशी जाऊन खाली पाहिलं. आमच्याच खिडकीखाली, बरोबर सरळ रेषेत, फरशी कबुतरांच्या विष्ठेने पांढरी झालीय.

अकरा, उलटी. पंचवीस, घशाशी येतं. एक नोव्हेंबर.

कागद दोन्ही बाजूंनी भरला. डॉक्टरिणीने वाचला आणि म्हणाली, "इतकं नीट सहसा कोणी लिहून आणत नाही." तिला चांगलंच म्हणायचं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अन्ननलिकेत गाठ. जुनी आहे, पसरलीय. वय आणि वजन पाहता ऑपरेशन नाही. पोटातून नळी घालून पातळ अन्न देता येईल आणि घरी नेता येईल.

कवळी काढून ठेवल्यामुळे बाबांचं तोंड आत गेलंय. ताई औषधं आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"गेलो होतो मी एकदा," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये. तू लॅबमध्ये होतास. डॉक्टर म्हणाले, नळी घालून तपासायला हवं, घरच्या कोणाला तरी घेऊन या."

"मग?"

"भीती वाटली." आणि पुढे म्हणाले, "तेव्हाही उशीरच झाला होता, बारक्या. त्यांच्या तोंडावरून कळलं मला. बिघडलेली लिफ्ट उघडायच्या आधी आवाजावरून कळते, तसं."

मला चांगलं वाटावं म्हणून म्हणाले का, ते ओळखता आलं नाही. मी त्यांचा चेहरा इतका कमी पाहिलाय की त्यावरून आता काही वाचता येत नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल घरी आणलं. दर तीन तासांनी नळीतून पातळ अन्न, आधी आणि नंतर कोमट पाणी. ताईने भिंतीवर कागद लावलाय, त्यावर वेळ आणि माप लिहितो.

आज वर गेलो, अठरा दिवसांनी. अठरा दिवस कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. झाड उत्तम आहे. नवी सुरळी आलीय. मला त्याचा इतका राग आला की पाणी न घालता खाली आलो. मग पुन्हा जाऊन घातलं.

१३ डिसेंबर, शनिवार

बाबा म्हणाले, "ते आण बघू खाली. एवढं काय आहे ते पाहू तरी."

ताई म्हणाली, "कशाला आता, जिन्यात मोडेल." तरी ताईने आणि मी मिळून उतरवलं. एक पान दारात अडकून फाटलं. बाबांच्या खोलीत खिडकीजवळ ठेवलं. त्या खिडकीतून भिंतच दिसते, पण दुपारी तासभर उजेड येतो.

बाबांनी उशीवरून बराच वेळ पाहिलं. "एवढंच?" म्हणाले.

ताईला हसू फुटलं, मग मला, मग त्यांना. हसल्यावर त्यांना ठसका लागला आणि आम्ही दोघं धावलो.

२९ डिसेंबर, सोमवार

दाढी करून दिली. गालाची कातडी बोटाने ताणून धरावी लागते. जबड्याचं हाड आता साच्यासारखं स्पष्ट दिसतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडाचं माप दोनदा घेतलंय, पण चेहऱ्याला हात लावल्याचं आठवत नाही. त्यांनी डोळे मिटले होते. "हलका आहे हात तुझा," म्हणाले.

९ जानेवारी, शुक्रवार

आज दुपारी पावणेचारला बाबा गेले. ताई जवळ होती, मीही होतो. पाणी द्यायची वेळ झाली होती म्हणून मी पेला घेऊन उभा होतो.

२० जानेवारी, मंगळवार

बाई आल्या. घर विकलं, सामान न्यायला ट्रक आणलाय. ते नवराबायको पुढच्या आठवड्यात राहायला येतील. एजंट कशासाठी आला होता हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, ते कळलं नाही याचं आज बाईंनाही आश्चर्य वाटलं. त्या तिकडच्याच शाळेत कायमच्या राहणार आहेत.

किल्ली द्यायला दार उघडलं तर त्या दारातूनच म्हणाल्या, "बाबा कसे आहेत?"

मी सांगितलं. त्या भिंतीला टेकल्या. "तुम्ही काही कळवलं नाहीत. दर आठवड्याला फोटो येत होता."

"तुम्ही झाडाचं विचारत होता," मी म्हटलं. मला टोमणा मारायचा नव्हता, पण तसाच लागला असावा.

त्या आत येऊन बाबांच्या खोलीत बसल्या. झाडाकडे त्यांनी पाहिलं की नाही ते सांगता येत नाही. ताईने चहा दिला. मग कप हातात धरून त्या म्हणाल्या, "खरं तर झाड मी शाळेत ठेवणार होते, शिपायाशी बोलणंही झालं होतं. तुमचे बाबा वर आले होते, ऑगस्टच्या शेवटी. अर्ध्या जिन्यात बसून राहिले होते, मीच हाताला धरून वर आणलं. म्हणाले, किल्ली माझ्या मुलाला द्या. लॅब आणि घर, घर आणि लॅब, दुसरं काही नाही त्याला. मी आहे तोवर त्याला कुठेतरी जायची सवय लागू दे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. पाणी मागितलं. एक पेला प्यायला त्यांना खूप वेळ लागला. मला वाटलं, दम लागलाय."

झाड त्या मला ठेवा म्हणाल्या. मी नको म्हटलं. ट्रकवरच्या माणसांनी ते खाली नेलं. फाटकं पान बाई स्वतः सावरून धरत होत्या. वही परत मागितली नाही त्यांनी, आणि मीही दिली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. संध्याकाळी ताईला बोलून दाखवली. म्हटलं, बाई सांगतात ते खरं असेलही. पण ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, घरच्या कोणाला तरी घेऊन या. आणि त्यानंतर लगेच त्यांनी मला वर पाठवायची सोय केली. माझ्यासाठी केली, की मला दिसू नये म्हणून केली? रोज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, जेवणाच्या वेळेला. मी घरात असतो तर कधी ना कधी ताट पाहिलं असतं.

ताई कपाट आवरत होती. बाबांचे शर्ट घडी करून एकावर एक ठेवत होती.

"पाहिलं असतंस का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही.

"दोन्ही असेल," ती म्हणाली. "तुझ्यासाठीही आणि तुझ्यापासूनही. आता कोणाला विचारणार? चल, जेवून घे, सकाळपासून तू काही खाल्लेलं नाहीस."

आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. ताई मला वाढत राहिली. मला खूप भूक लागली होती. पोटभर जेवलो, दोनदा मागून घेतलं, आणि शेवटचा घास सहज गिळला गेला तेव्हा त्याची लाज वाटली.